एक बरं, की दोन?

हॅलिफॅक्सच्या उतारावर आमचं चष्म्यांचं दुकान,
एका बाजूला चिप्सवाला, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली बँक.
तपासणीच्या खोलीला एकच खिडकी
आणि खिडकीत झाड.
तीन वर्षं मी त्याला झाडच म्हणत होते,
जसं म्हणावं, कुणी माणूस येऊन गेला,
आणि कोण ते सांगताच येऊ नये.

दिवसभर मी लोकांना विचारते,
एक बरं, की दोन?
आता? आणि आता?
लोक अवघडतात, चुकलं तर मार्क कापणार असल्यासारखे.

मिस्टर क्रॅब्ट्री अवघडले नाहीत.
आडनावातच झाड असलेला हा ऐंशीचा म्हातारा
तक्ता सोडून खिडकीकडे बघत म्हणाला,
"अक्षरं मला पाठ आहेत, पोरी.
त्या अ‍ॅशच्या कळ्या काळ्या झाल्यात का, ते सांग.
मला यंदा नुसतं धुकं दिसतंय."

मार्च होता. मी पाहिलं.
प्रत्येक फांदीच्या टोकाला खरंच एक कळी,
काळीभोर,
दृष्ट लागू नये म्हणून कुणी तीट लावावी तशी.
त्या दिवसापासून मी तिला ती म्हणू लागले.
रात्री फोनवर नणंदेला सांगितलं, अ‍ॅशला कळ्या आल्यात.
ती म्हणाली, राखेला?

एप्रिलात सगळा रस्ता हिरवा.
लायब्ररीसमोरच्या चेरीने तर लाजच सोडली,
चार दिवसांत पाकळ्यांचा चिखल करून मोकळी.
आमची ढिम्म.
मे उजाडला तरी ढिम्म,
लग्नघरात सगळ्या नटून बसल्यात
आणि एकीचं अजून केस विंचरणंच चाललंय.
मग मी आठवडाभर रजेवर गेले,
तेवढ्यात सगळी पानं आली. मला न विचारता.

जूनमध्ये खोलीत उजेड हिरवा पडायचा,
फ्रेमचा खरा रंग दाखवायला गिऱ्हाइकाला दारात न्यावं लागे.
ऑगस्टमध्ये बियांचे घोस. इथे त्यांना किल्ल्या म्हणतात,
आणि कमरेला जुडगा लावून
कोठीघर सांभाळणाऱ्या बाईसारखी ती वाऱ्यात वाजायची.
ऑक्टोबरात, बाकीचे लाल-पिवळे थाट मांडत असताना,
पहिल्या दहिवरानंतर
तिने हिरवीच पानं टाकून दिली,
सकाळी नऊपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत,
राजीनामा देऊन कुणी टेबल रिकामं करावं तसं.

नोव्हेंबरात क्रॅब्ट्रींचा मोतीबिंदू काढला.
तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघडा.
मी खूश. ते खिडकीशीच उभे.
"वर कळ्या नाहीत," म्हणाले.
"शेंडा मेलाय. दोन वर्षं तरी झाली असतील.
मला वाटत होतं, माझेच डोळे."

माझी नजर सहा-सहा आहे. दोन्ही डोळ्यांची.

जानेवारीत कौन्सिलचा माणूस आला,
खोडावर नारिंगी ठिपका मारून गेला.
ही तीट उलटी.
फेब्रुवारीत एका मंगळवारी, अपॉइंटमेंट चालू असताना, करवत.
मी दार लावून विचारत राहिले, एक बरं, की दोन?
समोरची मुलगी म्हणाली, काही ऐकू येत नाही.

आता खोलीत इतका उजेड येतो
की तक्ता दिसत नाही, पडदा ओढावा लागतो.
क्रॅब्ट्री परवा वाचायचा चष्मा न्यायला आले,
पडद्याकडे पाहिलं, बोलले काहीच नाहीत,
खिशातून एक वाळका जुडगा काढून काउंटरवर ठेवला.
पन्हाळीत अडकला होता म्हणे.
तो मी बारक्या स्क्रूंच्या खणात ठेवलाय.

घरी जायला हल्ली दुसरी वाट घेते.
चढ जास्त आहे, पण तिथे अकरा झाडं आहेत.
चौघांची नावं येतात.
पाचव्याची साल कागदासारखी सुटते.
सहाव्याखाली एकजण कुत्र्याला घेऊन थांबतो,
त्याला विचारीन.
मार्च लागलाय.
मान वर करते, टोकं बघते,
चष्मा पुसते, पुन्हा बघते.