डावा पाय

बाणावलीला, चर्चच्या मागच्या गल्लीत
दोन खुर्च्यांचं दुकान.
लेकीनं पैसे आधीच भरून टाकलेले,
नाहीतर मी कशाला येते.
निळा प्लॅस्टिकचा टब, गरम पाणी,
त्यात लिंबाच्या तीन चकत्या.
म्हटलं, लिंबं कशाला वाया घालवता.

पोरीचं नाव आसेनला. नागालँडची.
ती पाटावर बसली, वीतभर उंचीच्या,
आणि माझी डावी टाच तिनं ओंजळीत घेतली.
माझा हात आपोआप वर गेला.
'सुखी राहा,' म्हणाले.
पायाला कुणी हात लावला की आमच्यात
एवढंच बोलायचं असतं,
पुढचं काही शिकवलेलंच नाही.
ती थांबली. 'आंटी, दर्द होता है?'

शेजारच्या खुर्चीत मारायके, हॉलंडची,
आमच्याच लॉजवर उतरलेली, तोंड उघडं टाकून झोपलेली.
पाय असे सोडून दिलेले
जसं स्टँडवर कुणी सामान टाकून चहाला जावं.
हीच बाई सकाळी जिन्यात
आग्नेलशी बॅगेवरून झटत होती.
तो म्हणतोय 'दी गो बाय', ती म्हणतेय 'नो, नो',
मधे बॅग, चार हातांत, झोळीसारखी हलतेय.
शेवटी तो रिकाम्या हातांनी तिच्या मागून चढला.
त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.
माझी पिशवी मी मुकाट देऊन टाकली होती,
वर दहा रुपये.
तिला पाय देता येतात, बॅग नाही.
मला बॅग देता येते.

तसं म्हटलं तर तेही खोटंच.
लॉजवर मी पहाटे उठून चादरींच्या घड्या घालते,
मोरी घासून ठेवते.
काल झाडायला येणारी सांतान दारात उभी राहिली,
खोलीभर नजर फिरवून म्हणाली,
'मागीर हांव कित्याक?'
मला उत्तर सुचलं नाही. चहा विचारला.

मिरजेच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं आया होते.
पुरुषांचा वॉर्ड.
भांडी दिली, काढली, पाठी पुसल्या,
घरचंही कुणी शिवत नव्हतं अशांच्या.
एक हेडमास्तर होते, कवठेमहांकाळकडचे.
मी ओला फडका घेऊन गेले
की भिंतीकडे तोंड करायचे आणि म्हणायचे,
'बाई, तुम्हाला त्रास.'
रोज. तेवढंच.
एकदा मी वैतागले.
'मास्तर, अंग सैल सोडा हो,
ताठ माणूस धुवायला जड जातो.'
पुढे ते बरे होऊन गेले का, ठाऊक नाही,
मला दुसरा वॉर्ड मिळाला.

'आंटी, लूज छोडो,' आसेनला म्हणाली.

विचारलं, आठशेतले तुला किती?
हसली. बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवत राहिली,
पक्का हात. कुठे दाबायचं आणि कुठे नाही
हे माझ्या हातांना तिच्याआधी कळत होतं,
पाय मात्र अडाणी.

डावा झाला. तिनं तो पुसून
टॉवेलात गुंडाळून ठेवला.
मग उजव्यासाठी ओंजळ पुढे केली.
मी भिंतीकडे बघितलं. तिथं मागच्या वर्षीचं कॅलेंडर.
'तुमको तकलीफ,' म्हणाले.
उजवा पाय खुर्चीखाली, चपलेत.
पाणी कोमट होत चाललंय.
तिची ओंजळ तशीच.