पाणी कुठे मुरलं

छत उघडायला घेतलं ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी.
मोन्टानात एवढाच काय तो भरवशाचा कोरडा महिना.
दातांत सहा स्क्रू, गुडघ्यांखाली जुन्या गादीची घडी
आणि खाली गस लिंडक्विस्ट,
वय एक्क्याऐंशी, शिडी धरायला आलेला;
खरं तर शिडीनंच त्याला धरलेलं.

चोवीस फुटी ट्रेलर.
वडिलांनी आम्हा दोघा भावंडांच्या नावे ठेवलेला,
दोघांना मिळून एकच.

अकरा वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या जागेत
मी तो मागे घेत होते.
ऑर्विल खाली उभा, हात हलवत,
ये, ये, अजून ये.
पाइनची फांदी छतावरून करकरत गेली,
रबर फाटलं, वीतभर.
त्याच संध्याकाळी त्यानं ते चिकटपट्टीनं बुजवलं,
वर मासेही तळले, हसलो आम्ही.
पण पुढच्या वसंतात पलंगावरच्या छताला
चहाच्या रंगाचा डाग फुटला
तेव्हा फोनवर म्हणाला, तुझी फांदी.
मी म्हणाले, तुझा हात.
मग दोन वर्षं ख्रिसमसची कार्डं.
मग तीही नाहीत.

आता खरवडते आहे त्याची पट्टी.
उन्हानं ती अशी वाळली आहे
की नखासारखी तुटते, तुकड्यातुकड्यानं.
रबर मागे दुमडलं,
बोटाच्या पेरानं खालचं प्लायवूड वाजवून पाहिलं:
टक टक.
कोरडं.
पुन्हा वाजवलं, बंद दार वाजवावं तसं.
खडखडीत कोरडं,
कारखान्याचा शिक्काही अजून निळा.

मग पलंगावर हे आलं कुठून?

रबर उलगडत गेले पुढे, पुढे,
पोळीचा पापुद्रा सोडवावा तशी.
एक काळी रेघ, आढ्याच्या लाकडालगत,
रुंद होत जाणारी.
एका जागी पटाशी टेकवली
तर दुधात भिजलेल्या पावात जावी तशी आत गेली.
वास आला, बंद तळघराचा.
आणि टोकाला, अगदी पुढे,
तो बोटभर पिवळा दिवा,
रात्री हायवेवर आपली रुंदी सांगणारा.
दोन स्क्रूंच्या जागी एकच.
खाली मसाला भरलेलाच नाही.
कुणाची तरी पाळी संपत आली असेल
तिकडे इंडियानात, भोंगा वाजला असेल.

म्हणजे पाणी इथून शिरलं.
बारा फूट चाललं, अंधारात, लाकूड धरून,
आमच्या फाटक्या जागेला वळसा घालून,
आणि जिथे उतार सापडला तिथे थेंब झालं.
बरीच वर्षं आधीपासून चालत असणार.
त्या संध्याकाळी आम्ही मासे खात होतो
तेव्हाही.

खाली वाकून गसला सगळं सांगितलं.
तो बराच वेळ विचार करून म्हणाला,
'वॉरंटी संपली असेल आता.'

रविवार: सडलेलं कापलं, नवं प्लायवूड,
सरस, वर रबराची नवी गुंडाळी.
रूळ फिरवत हवेचे बुडबुडे कडेला हाकलले;
एक राहिलाच, अंगठ्याएवढा,
दाबला की शेजारी उठतो.
राहू दे.
दिव्याखाली मसाला इतका भरला
की बाहेर ओघळला.
फांदीच्या जागीही ठिगळ लावलं,
गोल कोपऱ्यांचं, नीट मोजून.

सोमवारी गसनं वरून पाण्याचा पाइप सोडला.
मी आत पलंगावर उताणी,
डोळे छताला.
वीस मिनिटं फक्त तडतड.
डाग तिथेच होता, जुना, वाढला नाही.
पडल्या पडल्याच नंबर लावला.

सगळं ऐकून घेतलं त्यानं.
श्वास ऐकू येत होता, थोडा खरखरीत;
सिगारेट सुटलेली दिसत नाही.
'पट्टी कुठली लावलीस?'
ब्यूटाइल.
'रुंद की अरुंद?'
रुंद.
'हं.'

वर पाणी बंद झालं.
गस शिडीवरून उतरत होता, एकेक पायरी मोजत.

'आणि अंगणात मागे कुणी घेतला?'
मीच.
'हात कोण दाखवत होतं?'

कुणी नव्हतं, ऑर्विल.