पोटची, पाठची

पहाटे चारला तळघरात
डोंगरी चीजची चाकं उलटायची.
एकेक चौतीस किलोचं.
मिठाच्या पाण्यानं पुसायचं, पुन्हा फळीवर.
सव्वीस वर्षं.
आल्गॉयमधल्या आमच्या गावात
प्रत्येक गाईला नाव असतं, दुखण्याला नसतं.
"कंबर धरलीय" एवढंच म्हणायचं
आणि बूट चढवायचे.

मार्चमधली गोष्ट. एक चाक अर्धं उलटलेलं,
आणि कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत
कुणीतरी तापलेली तार ओढली.
चाक पडलं नाही, मीही नाही.
वेंडेलिन येईपर्यंत
आम्ही दोघं एकमेकांना धरून उभे.

म्युनिकला फोटो काढले.
वरच्या चकत्या उजळ, ओल्या.
सगळ्यात खालची काळी.
"वाळलीय," डॉक्टर राइन्डल म्हणाले.
वाळणं मला कळतं.
चीज वाळलं की आम्ही भाव वाढवतो.

"दुखतेय पाठ, आणि तुम्ही पोट फाडणार?"
"मागून नसा आडव्या येतात.
पुढून आतडी जरा सरकवायची,
मोठ्या रक्तवाहिन्या सांभाळायला दुसरा सर्जन असतो."
जरा सरकवायची.
मी बादलीबद्दल बोलते तसं.
पाठीवर मारा पण पोटावर मारू नका, म्हणतात.
सात महिने बिनकामाची घरी होते,
पोटावरचा मार तर बसून झाला होता.

खणातून काढून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली:
धातूच्या दोन दातेरी ताटल्या, बाहुलीच्या घरातल्या वाटाव्यात अशा,
मधे प्लास्टिकचा पांढरा दाणा.
यंत्रात लाखो वेळा वाकवून बघितलीय म्हणाले.
मी सवयीनं बोटाच्या पेरानं ठोकली.
चीज असतं तर सांगितलं असतं,
आत पोकळ आहे का.
ही गप्प.

आदल्या रात्री नर्स पोटावर पेनानं खूण करत होती.
"हा जुना व्रण?"
"आफ्रा. एकोणीस वर्षं झाली. पायाळू होती."
लहानपणी रविवारी ती माझ्या पाठीवरून चालायची,
हात पसरून, दोरीवरच्या डोंबारणीसारखी.
तेवढा वेळ बरं वाटायचं.
सकाळी डॉक्टर म्हणाले, "तेच दार उघडू."
तर ज्या वाटेनं पोटची बाहेर आली
त्याच वाटेनं
पाठची आत गेली.

शेजारच्या खोलीत फोल्कमार, पासाउचा, कौलं बसवणारा.
मानेत दोन बसवलेल्या.
रात्री त्याचा चमचा पडल्याचा आवाज यायचा,
मग शिवी, मग पुन्हा चमचा.
तिसऱ्या दिवशी मी चालायला लागले
तेव्हा त्याच्या दारावरून जाताना
मुद्दाम लंगडले.

घरी आफ्रानं मला दाराच्या चौकटीला उभं केलं,
तिच्या शाळेतल्या पेन्सिलखुणांशेजारी.
"आई, तू आठ मिलिमीटर वाढलीस."
त्रेपन्नाव्या वर्षी.
ती इतकी हसली की मलाही हसू आलं,
आणि टाके दुखले म्हणून मी तिला रागावले.

ऑक्टोबरात तळघरात गेले.
रुळांवरून एक लोखंडी हात फिरत होता,
चाक उचलायचा, उलटायचा, पुसायचा.
न कण्हता.
वेंडेलिन बुटांकडे बघत म्हणाला,
"तू नव्हतीस ना, म्हणून."
माझ्याही जागी एक बसवलेलं.
राग यायला हवा होता. आधी आला तो वास,
ओल्या लाकडाचा, अमोनियाचा,
आणि मी पेरं वाजवत निघाले,
वरच्या फळीपासून, एकेक.
यंत्राला उलटता येतं. ऐकू येत नाही.

डावा अंगठा अजून बधिरच आहे.
तो कधी जागा होईल, डॉक्टर सांगत नाहीत.

सगळ्यात खालच्या फळीशी आले
तेव्हा वेंडेलिन ओरडला, "झेन्झी, हळू!"
मग माझ्या लक्षात आलं
मी वाकलेय.
अकरावं पोकळ वाजलं.
पुन्हा ठोकून बघितलं. पोकळच.
त्याला म्हटलं, हे बाहेर काढ.
उचललं त्यानं.