उसण

तीन वाजून दहा मिनिटं. अकरा नंबरच्या खाटेवर
क्लेग आजोबांना डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर घेताना
माकडहाडाच्या वर दोन बोटं
काहीतरी चमकलं,
आणि मी चादर धरून तशीच राहिले, वाकलेली,
जणू फरशीवर पडलेलं काही
सापडत नाहीये.

कमरेतून नाही, गुडघ्यातून वाका,
असं दरवर्षी प्रशिक्षणात सांगतात.
तिथला रबरी माणूस चाळीस किलोचा,
तो घाबरून गळ्याला मिठी मारत नाही.
उचलायचं यंत्र आहे आमच्याकडे. एक.
दोन वॉर्डांत मिळून.
आज त्याची बॅटरी उतरलेली
आणि जोसेलिन रजेवर. तिचीही कंबरच.

फॉर्ममध्ये विचारतील: वेदना किती, शून्य ते दहा?
उसण भरते.
पुढचा श्वास घेतला की कळतं
कुठवर आलीय.

शिराळ्यात असते तर आई म्हणाली असती,
पायाळू बघा कुणीतरी.
आमच्या आळीतला धोंडू पायाळू होता,
शाळेतून येता येता दोन-तीन कमरांना पाय लावायचा
आणि खिसे भरून शेंगा न्यायचा.
बर्नलीत कुठून आणू पायाळू,
तोही या वेळेला?

हे आपलं गंमत म्हणून
चौदा नंबरच्या डोरीनबाईंना सांगितलं. त्यांना झोप नसते.
सव्वीस वर्षं कापडगिरणीत मागापाशी उभ्या होत्या,
बहिऱ्या कानाने सगळं ऐकतात.
जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या,
"मी पायांनीच आले, पोरी.
आईने मरेपर्यंत ऐकवलं मला त्याबद्दल."

मी पडदा ओढला.
खाट खाली घेतली, फरशीवर बसले
त्यांच्याकडे पाठ करून.

घसरू नये म्हणून घातलेला लाल मोजा,
आत चिमणीच्या हाडाचा पाय,
गेल्या मंगळवारपासून
फिजिओच्या कितीही विनवण्यांना न हललेला.

"जोरात मारू?"
"नको हो. टेकवा नुसता."

टेकवला. पुन्हा टेकवला.
तिसऱ्यांदा जरा जास्तच लागला,
आणि त्या हसल्या, दातांशिवाय.

उसण गेली का?
छे. सकाळी बसच्या पायरीवर होतीच,
माझ्याआधी चढून बसलेली.

पण सात वाजता ड्युटी सोपवताना
वहीत मी लिहिलं:
खाट चौदा. उजवा पाय स्वतः उचलला. तीन वेळा.
कारणाचा रकाना
कोरा ठेवला.