पान एक्क्याण्णव

कागदोपत्री मी निम्मी कारखान्याची
आणि निम्मी विद्यापीठाची.
कागद आम्हीच बनवतो, तपकिरी, खोक्यांसाठीचा,
मिनिटाला नऊशे मीटर,
त्यामुळे कागदोपत्री या शब्दाचं
मला फारसं दडपण येत नाही.

पितेओहून लुलेओ, पंचावन्न किलोमीटर,
मंगळवारी आणि गुरुवारी, सहा वर्षं.
दोन होड्यांत पाय ठेवला की माणूस बुडतो म्हणे.
फेब्रुवारीत इथल्या होड्या काठावर पालथ्या पडलेल्या असतात
आणि लोक खाडीवरून गाड्या हाकतात.
तेवढ्यावर मी निभावून नेलं.
एप्रिलमध्ये मात्र बर्फ कुठे कच्चा झालाय ते दिसत नाही.
अशाच एका एप्रिलात
तूवा ताटातला बटाटा कुस्करत म्हणाली,
"आई, तू हो म्हणालीस,
पण मी काही विचारलंच नव्हतं."

कारखान्यात विचारायचे, मारित आज शाळेत का?
विद्यापीठात म्हणायचे, तुमचं बरंय, पगार पूर्ण.
दोन्हीकडच्यांना वाटायचं
मी दुसरीकडे जाऊन आराम करते.
मलाही वाटायचं, गाडीत असताना,
की जिथे पोहोचेन तिथे बसायला मिळेल.

विषय: चालत्या मशीनवर कागद का तुटतो.

दोन नंबरच्या मशीनवर ऑस्टेन. चौतीस वर्षं.
कठड्यावर तळहात टेकवून उभा राहतो
आणि मध्येच म्हणतो, "आता."
मग चारेक मिनिटांनी
भोंगा, लाल दिवा, आणि जमिनीवर
गुडघाभर ओला गरम कागद.
मी त्या कठड्याभोवती अकरा सेन्सर लावले.
अकरा सेन्सर, चार कोटी नोंदी, तीन शोधनिबंध,
एक घटस्फोट, तो याच्यामुळे नाही,
आणि शेवटी सिद्ध झालं
की तुटण्याआधी चार मिनिटं तिसरा रोल गुणगुणतो.

प्राध्यापक हाल्वार्ड यांनी चष्मा पुसत विचारलं,
यात नवीन काय?
मी म्हटलं, आता ते मोजता येतं.
उत्तर बरोबर होतं.
परतीचे पंचावन्न किलोमीटर
ते मागच्या सीटवर गप्प बसून होतं.

मग कंपनीची वकील आली, स्टॉकहोमहून, फार गोड बाई.
आकृती चौदा: रेषा राहू द्या, आकडे नकोत.
दोन्ही अक्ष भादरले.
उरला एक डोंगर, ज्याची उंची विचारायची नाही.
आणि संशोधनाच्या नीतिनियमांनी नावं खोडली,
तेव्हा ऑस्टेन झाला ऑपरेटर क.

इथली रीत अशी, की तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी
प्रबंध भिंतीला खिळ्याने ठोकायचा,
चारचौघांत,
ज्याला हरकत असेल त्याने वाचावं.
ऑस्टेन सुट्टी टाकून आला, इस्त्रीच्या शर्टात, ड्रिल घेऊन.
दोनशे पानांतून खिळा असाच जात नाही,
हे विद्यापीठात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मी कुठे आहे यात?"
पान एक्क्याण्णव, मी म्हटलं.
त्याने चष्मा लावला,
"ऑपरेटर क" असं मोठ्याने वाचलं,
चुकून आपल्या पेटीत पडलेलं शेजाऱ्याचं पत्र वाचावं तसं.
मग पान उलटलं. आकृती चौदा.
बोट रेषेवरून चढत गेलं, टोकाला थांबलं.
"नऊ पूर्णांक चार," तो म्हणाला.
"लुसियाची रात्र. तुला घरी फोन केला होता मी.
तूवाला ताप होता, आणि तरी तू आलीस."

वकिलाच्या कागदावर माझी सही आहे.
मी हो म्हटलं नाही.
नाही म्हणायलाही तोंड उघडलं नाही.

भोक जरा तिरकं पडलं होतं.
मी प्रबंध भिंतीला लावला, खिळा धरला, हातोडा उचलला.
ऑस्टेनने शेजारी भिंतीवर तळहात टेकवला,
क्षणभर थांबला,
आणि म्हणाला, "आता."