सदतीस अंश

माझा व्हिसा अकरा दिवसांत आला,
चिखलाचा चार महिन्यांनी.
अक्कलकोट रोडला डायहाउसमागचा नाला,
त्यातला पन्नास मिली,
तीन खोकी, सात सह्या
आणि कस्टमवाल्याचा एकच प्रश्न : हे कशाला?

ताम्पेरेत खिडकीबाहेर उणे एकोणीस.
इथेही गिरणी होती, धुराडं उभं आहे,
खाली आता कॉफी मिळते.
मी इनक्युबेटरवर सदतीस लावते,
म्हणजे आमचा मार्च.
आयनो दार उघडून हात आत धरते,
डोळे मिटून म्हणते, इतकं ऊबदार तुझं गाव?
पुढच्या वर्षी तिची पाळी, सोलापूरला यायची.
मे महिन्यात.
मी अजून काही बोललेले नाही.

रविवारी नायनांचा फोन.
चौतीस वर्षं टॉवेलाचं सूत रंगवलेला माणूस,
फेलोशिप, पेपर, असलं विचारत नाहीत.
"तुझे किडे लाल खातात का?"
खातात. छत्तीस तासांत पाणी नितळ.
"आणि निळा?"
निळ्याला तोंड लावत नाहीत अजून.

पलीकडे शेजारचा लूम खडखडत राहतो जरा वेळ.
"निळा हट्टीच असतो, पोरी.
माझ्या नखांतला तरी कुठे गेलाय."