अशक्य प्रवास

चौदा दिवस फुकट.
पंधराव्या दिवशी ठरवायचं.
पुण्याचा विक्रेता पडद्यावर हसून म्हणाला,
"मॅडम, सात खिडक्या कशाला?
एकाच खिडकीतून सगळं दिसेल."
मी वेंगुर्ल्याच्या आमच्या गाळ्यातून बाहेर पाहिलं.
आमच्या एकुलत्या एक खिडकीतून
बर्फाच्या कारखान्याची भिंत दिसते
आणि तिच्यावर कुणाचं तरी वाळणारं जाळं.

सात खिडक्या खऱ्या आहेत, नाही म्हणत नाही.
व्हायरसची एक, बॅकअपची दुसरी, मेल चाळणारी तिसरी,
चौथीचा पासवर्ड फक्त मिथिलला पाठ,
आणि मिथिल शिरोड्याला मामाकडे गेला
की चौथी आम्ही वेतोबावर सोडतो.
एकवीस गिऱ्हाइकं. काजूचे कारखाने, पतपेढी,
मच्छीमार सोसायटी, दाताचे डॉक्टर आरोलकर,
ज्यांच्या संगणकात निम्म्या गावाच्या दाढा आहेत.

पारखायचं म्हणजे मुद्दाम वाकडं वागायचं.
खोटा व्हायरस सोडला: चार सेकंदांत धरला.
काजूची मागल्या वर्षाची वही परत मागितली:
पाऊण तासाने आली, पै-पैसकट.
पतपेढीतली वीज गेली
तेव्हा मात्र त्याला वाटलं, हल्ला झाला.
वीज जाणं म्हणजे हल्ला नव्हे,
असा नियम मी हाताने लिहिला.
मिथिलचं मत वेगळं आहे.

मग नववी रात्र.
मोबाइल लाल झाला: अशक्य प्रवास.
संजीवनी गिरप, घरगुती निवास, उभादांडा.
दहा चाळीसला वेंगुर्ल्यात,
दहा एक्कावन्नला फुजैराच्या बंदरात.
अकरा मिनिटांत दोन हजार किलोमीटर
कुणी माणूस जाऊ शकत नाही,
म्हणून दार बंद केलं आहे.

मी फोन लावला. पलीकडे समुद्र, आणि मग ती:
"अगो, तो माजो घोव. बोटीर आसा.
आपल्या घरात आज कोण झोपतलो,
ता बघता रोज."
जहाजावरचा आचारी. सात महिने झाले.
पोळ्या संपल्या, भांडी झाली
की बायकोच्या पासवर्डने तो आत येतो,
पाहुण्यांची नावं वाचतो,
मागची खोली की पुढची, जेवण मासळीचं की शाकाहारी,
आणि झोपायला जातो.

तक्त्यात दोनच चौकोन होते:
इशारा खरा, इशारा खोटा.
एक पासवर्ड दोन माणसांत, म्हणजे खराच.
चोर कुणी नव्हता, म्हणजे खोटा.
या किनाऱ्यावर कुठल्या घरातला
एक माणूस अशक्य प्रवासात नाही?
हे लिहायला तक्त्यात जागा नव्हती.

तेराव्या दिवशी विक्रेत्याला विचारलं,
"एकवीस घरांची एकच किल्ली तुमच्याकडे.
उद्या तुमचंच दार फुटलं तर?"
त्याचं चित्र तसंच गोठलं, तोंड अर्धं उघडं.
नेटवर्क असेल.
परत आला तेव्हा किमतीबद्दल बोलत होता.

माझे बाबा रापणीवर होते.
जाळं एकच, पण दोर दोन,
आणि दोन्ही दोरांवर वेगवेगळी माणसं.
मी त्याला म्हटलं, तीन वर्षांचा करार नको,
एका वर्षाचा पाठवा.
आणि बॅकअप वेगळाच राहील,
दुसरी कंपनी, दुसरी किल्ली,
किल्ली माझ्या घरी, मिठाच्या बरणीमागे.
"हे आमच्या पद्धतीत बसत नाही," तो म्हणाला.
"बसवा," मी म्हटलं.
दहापैकी सात गुण दिले.

काशिनाथ गिरपला स्वतःचं खातं काढून दिलं,
नुसतं वाचण्यापुरतं.
फोनवर येणारा आकडा कुठे टाकायचा
हे समजावताना त्याच्यामागे कढई वाजत होती.
आता फुजैरा, मग सलाला, परवा मोम्बासा.
प्लॅटफॉर्म ओरडत नाही.
रात्री साडेदहानंतर एवढंच नोंदवतो:
काशिनाथ गिरप, आत आले.
आणि दोन-तीन मिनिटांनी:
बाहेर गेले.